शेजार सुटला: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची फेरवाटणी

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या हद्दीला लागून पुलमन नावाचं गाव आहे. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, आणि गावाचा जीव म्हणजे तिथलं विद्यापीठ. लोकवस्ती ३३ हजारांच्या आसपास, आणि विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये माणसं मावतात तीही जवळपास तेवढीच. शनिवारी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा सामना असला की साडेचारशे किलोमीटरवरच्या सिअ‍ॅटलहून माजी विद्यार्थी डोंगर ओलांडून येतात, मैदानाबाहेर शेगड्या पेटवतात, घसा बसेपर्यंत ओरडतात आणि परतताना विद्यापीठाच्या डेअरीत तयार होणारं, पत्र्याच्या डब्यातलं कूगर गोल्ड चीज घेऊन जातात.

मी सिअ‍ॅटलच्या बाजूला बारा वर्षं राहते आहे. माझ्या ऑफिसात पुलमनला शिकलेला एक सहकारी आहे. ४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. दुपारी कँटीनमध्ये तो ताट पुढ्यात घेऊन नुसता बसून होता. घरी काही बरंवाईट झालं की काय, म्हणून मी विचारलं. तो एवढंच म्हणाला, "सगळे निघून गेले."

कोण गेले, कुठून गेले आणि त्याने एका चांगल्या इंजिनिअरच्या तोंडचा घास का अडावा, हे मला उलगडायला बरेच दिवस लागले. आपल्याकडची कितीतरी मुलं पर्ड्यू, अ‍ॅरिझोना स्टेट, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांत शिकायला येतात. आपल्याला ही नावं प्रवेशाच्या यादीतून ठाऊक असतात. इथल्या लोकांच्या तोंडी ती आधी येतात ती शनिवारच्या सामन्यांमुळे. म्हणून हे सगळं एकदा नीट सांगावंसं वाटलं.

इथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ. व्यावसायिक संघ रविवारी खेळतात, कॉलेजांचे संघ शनिवारी. पण कॉलेज म्हणून याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा समजू नका. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात. ओक्लाहोमा, नेब्रास्का, अलाबामा अशा राज्यांत वरच्या स्तराचे व्यावसायिक फुटबॉल संघच नाहीत. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. आजोबा तिथे शिकले, आई शिकली, म्हणून नातवाच्या अंगावर पहिल्या वाढदिवसाला त्याच रंगाचा अंगरखा. विद्यापीठाची पायरी कधी न चढलेला शेतकरीही त्याच रंगाची टोपी घालतो.

वरच्या स्तरावर असे सव्वाशेहून जास्त संघ आहेत. एवढ्यांनी एकमेकांशी खेळणं शक्य नाही. म्हणून विद्यापीठांनी आपापले गट केले. त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. कॉन्फरन्स वेळापत्रक लावते, विजेता ठरवते, पैसा गोळा करून वाटते. त्यातली सगळ्यात जुनी मोठी म्हणजे बिग टेन, १८९६ मध्ये शिकागोच्या आसपासच्या सात विद्यापीठांनी सुरू केलेली. रेल्वेने जाऊन सामना खेळून सोमवारच्या तासाला परत येता यावं, इतकंच त्यामागचं भूगोलाचं गणित. पश्चिम किनाऱ्यावर १९१५ मध्ये अशीच एक कॉन्फरन्स उभी राहिली. सदस्य वाढत गेले तशी नावं बदलत ती शेवटी पॅक-१२ झाली. थोडक्यात, कॉन्फरन्स म्हणजे पंचक्रोशी. हरलात तर टोमणे मारणारा माणूस वर्षभर तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेला असायचा, आणि सामन्याची सगळी गोडी त्यातच होती.

ही पंचक्रोशी मोडायला सुरुवात झाली ती एका कोर्टाच्या निकालाने. १९८४ पर्यंत कुठला सामना टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवत असे. घरबसल्या सामने दिसले तर मैदानात कोण येईल, अशी तिची भीती. म्हणून मोजकेच सामने दाखवायचे, एका संघाला ठरावीक वेळाच संधी द्यायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला. आमचे सामने आम्ही विकू, मधे तुम्ही कोण? सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला: एनसीएएची ही पद्धत म्हणजे मक्तेदारी, आणि ती बेकायदा. विरोधात मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट तरुणपणी कोलोराडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. खेळाला निव्वळ बाजारात सोडू नका, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. त्यांचंच कोलोराडो पुढे या कथेत येणार आहे.

निकालानंतर सामने विकण्याची मोकळीक मिळाली. पण एकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकलेले जास्त भाव खातात. म्हणून कॉन्फरन्स वेळापत्रक लावणारी राहिली नाही, ती विक्री करणारी झाली. आणि विक्री करणाऱ्याला शेजार महत्त्वाचा नसतो, गिऱ्हाईक महत्त्वाचं असतं. १९९२ मध्ये दक्षिणेच्या एसईसी या कॉन्फरन्सने आर्कान्सॉ आणि साउथ कॅरोलायनाला घेतलं, सदस्य बारा केले आणि दोन भागांच्या विजेत्यांमध्ये एक अंतिम सामना भरवला, म्हणजे विकायला एक जास्तीचा मोठा सामना. टेक्सासची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये बंदच पडली.

यापुढचा टप्पा समजायला केबलचं बिल डोळ्यांपुढे आणा. २००७ मध्ये बिग टेनने स्वतःचं चॅनल काढलं. तुम्ही ते बघा किंवा नका बघू, पॅकेजमध्ये चॅनल असलं की तुमच्या बिलातला काही हिस्सा दर महिन्याला त्याला जाणार; आणि ज्या राज्यात कॉन्फरन्सचं विद्यापीठ आहे तिथे चॅनलला घरटी जास्त दर मिळणार. म्हणजे नवं राज्य जोडलं की लाखो घरांची बिलं जोडली जातात. २०१४ मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँड घेतली. फुटबॉलमध्ये त्यांचा फार दबदबा होता असं नाही. पण रटगर्स न्यूयॉर्कच्या उंबरठ्यावर आहे आणि मेरीलँड वॉशिंग्टन डीसीच्या. नकाशा उघडून माणसं मोजली होती.

मग लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली. मालिका, सिनेमे, बातम्या, सगळं मोबाईलवर आणि हव्या त्या वेळी. थेट सामना मात्र त्याच क्षणी बघावा लागतो, जाहिराती पुढे ढकलता येत नाहीत. त्यामुळे टीव्ही कंपन्यांकडे खात्रीचा माल उरला तो थेट खेळांचा, आणि त्यातही देशभर बघितल्या जाणाऱ्या सामन्यांचा. आता नुसती घरं मोजून भागेना. ज्यांचं नाव ऐकून फ्लोरिडातला माणूसही टीव्ही लावील असे संघ हवे झाले. २०१४ ची फेरवाटणी प्रदेशासाठी होती, २०२१ नंतरची मोठ्या नावांसाठी. हा फरक लक्षात घेतला की पुढचं सगळं सरळ दिसतं.

जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ ही आपली कॉन्फरन्स सोडून एसईसीत जायचं ठरवलं. बिग टेनला उत्तर देणं भाग होतं. ३० जून २०२२ ला बातमी आली की लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठं पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये चालली. दीड महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला.

पॅक-१२ च्या घरात मात्र आधीपासूनच वाळवी होती. बिग टेनने आपल्या चॅनलमध्ये फॉक्सला भागीदार घेतलं. पॅक-१२ ने २०१२ मध्ये चॅनल काढलं ते सगळं स्वतःच्या मालकीचं. नफा कुणाला द्यायला नको, हा हिशोब. पण मोठी कंपनी पाठीशी नसल्याने ते चॅनल देशातल्या एका मोठ्या सॅटेलाइट सेवेवर कधी पोचलंच नाही. पश्चिमेचे रात्रीचे सामने पूर्वेकडे मध्यरात्री सुरू राहतात, तिथला प्रेक्षक झोपलेला. यूएससी, यूसीएलए गेल्यावर कॉन्फरन्सने नवा टीव्ही करार शोधायला घेतला, आणि तो शोध वर्षभर चालला. दरम्यान बिग १२ ने आपल्यापुरता व्यवहार आटोपून घेतला: ईएसपीएन आणि फॉक्सकडून सहा वर्षांचे सुमारे २२८ कोटी डॉलर. टेक्सास, ओक्लाहोमा गेल्यावर याच बिग १२ चे दिवस भरले असं सगळे म्हणत होते. मिळतंय त्या भावात हातावर हात मारून मोकळं होणं कधीकधी जीव वाचवतं, ते असं.

जुलै २०२३ च्या शेवटी कोलोराडो बिग १२ मध्ये गेलं. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी पॅक-१२ च्या कुलगुरूंपुढे अखेर एक प्रस्ताव आला: अ‍ॅपल सामने आपल्या स्ट्रीमिंगवर दाखवणार, आणि त्या वेळच्या बातम्यांनुसार प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला २ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास देणार, वर्गणीदार वाढले तर जास्त. म्हणजे हातातली रक्कम कमी आणि आशा मोठी. ४ ऑगस्टला सकाळी सह्या होतील असं वाटत होतं. त्या दिवशी ओरेगन आणि सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ बिग टेनमध्ये निघून गेले, तेही बाकीच्यांच्या निम्म्या वाट्यावर. संध्याकाळपर्यंत अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल यांनी अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीचा रस्ता धरला. शंभर वर्षांहून जुन्या घरात दोघंच उरली: पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हालिसचं ओरेगन स्टेट. दोन्ही छोट्या गावातली, दोन्ही शेतकी शिक्षणासाठी सरकारी मदतीवर वाढलेली. माझा सहकारी जेवला नाही तो यातलाच ४ ऑगस्टचा दिवस.

इतक्या सहजी सगळे सुटले कसे? इथे 'ग्रँट ऑफ राइट्स' नावाचा कागद समजून घ्यावा लागतो. उसाची नोंद एका कारखान्याकडे केली की तो हंगाम ऊस तिथेच घालायचा, तसा हा करार: विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रसारणहक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. मधेच सोडून गेलात तरी हक्क मागेच राहतात, मग नवी कॉन्फरन्स तुम्हाला घेऊन काय करणार? टेक्सास आणि ओक्लाहोमाला एक वर्ष लवकर सुटायला दोघांत मिळून १० कोटी डॉलर सोडावे लागले. पॅक-१२ चा कागद मात्र २०२४ मध्ये संपत होता. दार आपोआप उघडलं. उलट एसीसीचा कागद २०३६ पर्यंतचा. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट एकही सामना न हरता एसीसीची विजेती झाली, तरी राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार संघांत तिला घेतलं नाही. त्याच डिसेंबरात तिने आपल्याच कॉन्फरन्सवर दावा लावला. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली, ती अशी की ज्यांचे सामने जास्त लोक बघतात त्यांना वाटा जास्त. समान वाटणीचं तत्त्व तिथे गेलं.

आता जरा प्रवासाकडे बघा, कारण या व्यवहाराचं ओझं कुणाच्या खांद्यावर आलं ते तिथे दिसतं. फुटबॉल संघाचे नियमित हंगामात साधारण बारा सामने, त्यातले निम्मे घरी, आणि जाताना खास विमान. पाच-सहा वेळा लांब गेलं तरी निभतं. पण कॉन्फरन्स बदलली ती बहुतेक सगळ्या खेळांची बदलली. लॉस एंजेलिसपासून न्यूजर्सीतल्या रटगर्सपर्यंत सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी याहून कमी भरेल. घड्याळात तीन तासांचा फरक. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी हंगामात अनेकदा जाते-येते. विमानतळावर जमिनीवर बसून मांडीवर लॅपटॉप ठेवून गणिताची असाइनमेंट पूर्ण करणाऱ्या, एकाच रंगाचे कोट घातलेल्या उंच मुली मी सिअ‍ॅटलला पाहिल्या आहेत. यातल्या बहुतेकींना पुढे व्यावसायिक खेळाडू व्हायचं नाही; त्या शिकायला आल्या आहेत. सह्या झाल्या तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागतं ते हे.

आणि हे खेळ किरकोळ नाहीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला ६ पदकं मिळाली, त्यातलं एक कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य. त्याच ऑलिंपिकमध्ये स्टॅनफर्ड या एका विद्यापीठाच्या आजीमाजी खेळाडूंनी ३९ पदकं आणली. अमेरिकेत खेळाडू घडतात ते विद्यापीठांत, आणि पोहणं, जिम्नॅस्टिक्स, धावणं यांचा खर्च बहुतेक ठिकाणी निघतो फुटबॉलच्या कमाईतून. म्हणूनच फुटबॉलची वाटणी बदलली की तरणतलावाचं पाणीही हलतं. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने अ‍ॅथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले.

शेजाऱ्यांच्या लढती हा दुसरा घाव. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यात सव्वाशे-दीडशे किलोमीटरचं अंतर. १९१० पासून दरवर्षी खेळत आले. 'बेडलॅम' म्हणतात त्या लढतीला. ४ नोव्हेंबर २०२३ ला ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ ने जिंकली आणि मालिका थांबली. एक एसईसीत, एक बिग १२ मध्ये. सगळीकडे तुटलंच असं नाही हेही सांगायला हवं. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची २०११ नंतर बंद पडलेली लढत एसईसीत दोघं एकत्र आल्यामुळे २०२४ मध्ये परत सुरू झाली, आणि त्या रात्री कॉलेज स्टेशन गावात उभं राहायला जागा नव्हती.

आमच्या राज्यातली लढत म्हणजे अ‍ॅपल कप. एका बाजूला सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला पुलमन, १९०० पासून. ही थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, नोव्हेंबरच्या थंडीत होत असे. १९९२ ला पुलमनमध्ये बर्फात झालेला, वॉशिंग्टन स्टेटने ४२-२३ ने जिंकलेला सामना लोक अजून काल पाहिल्यासारखा सांगतात. पॅक-१२ मधला शेवटचा अ‍ॅपल कप २५ नोव्हेंबर २०२३ ला सिअ‍ॅटलला झाला. २१-२१ अशी बरोबरी, शेवटचे काही सेकंद, आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रेडी ग्रॉस नावाच्या मुलाने ४२ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. हा मुलगा शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने शिकत होता. सामना संपल्यावर ड्रेसिंगरूममध्येच प्रशिक्षकाने त्याला शिष्यवृत्ती जाहीर केली आणि सगळ्या पोरांनी त्याला उचलून घेतलं. मरणपंथाला लागलेल्या कॉन्फरन्सचा तो संघ पुढे थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. दोन्ही विद्यापीठांनी २०२८ पर्यंत अ‍ॅपल कप चालू ठेवायचा करार केला आहे, पण सप्टेंबरात. बर्फाचा प्रश्नच नाही.

या सगळ्यात खेळाडूंना काय मिळालं? बराच काळ शिष्यवृत्ती, बाकी काही नाही. जुलै २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये एका खटल्याच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत २८० कोटी डॉलर भरपाई, आणि विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे द्यायची मुभा. २०२५-२६ साठी ही मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. घाम गाळणाऱ्याला मोबदला मिळतो आहे, हे उशिरा का होईना पण रास्त झालं. मात्र ज्याला कॉन्फरन्सकडून वर्षाला सहा कोटी डॉलर येतात त्याला हे दोन कोटी जड नाहीत. ज्याला त्याच्या जवळपासही येत नाहीत त्याने काय करावं? दरी आणखी रुंदावण्याचीही व्यवस्था झाली आहे. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये २०२४ पासून बारा संघ येतात. २०२६ पासूनच्या नव्या करारात त्याचे वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर येणार, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा बिग टेन आणि एसईसी या दोघांचाच.

मागे राहिलेल्या दोघांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. पॅक-१२ चा नियम असा होता की जो सोडून जाण्याची नोटीस देतो त्याची संचालक मंडळातली जागा जाते. त्याच नियमावर बोट ठेवून दोघं कोर्टात गेली, तेही पुलमनच्याच तालुक्यासारख्या असलेल्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टात, आणि कारभार हातात घेतला. जाणाऱ्या दहा जणांनी मिळून साडेसहा कोटी डॉलरवर पाणी सोडलं. वरच्या स्तरावर कॉन्फरन्स म्हणून टिकायला आठ फुटबॉल संघ लागतात. बोईसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना घेऊन १ जुलै २०२६ पासून नवी पॅक-१२ उभी करायचं ठरलं. यातले पाच माउंटन वेस्ट नावाच्या छोट्या कॉन्फरन्समधून आणलेले, म्हणजे जे आपल्यावर बेतलं तेच यांनी दुसऱ्यावर आणलं. माझा सहकारीही हे मान्य करतो, मान खाली घालून.

त्याच्या टेबलावर मात्र एक छोटं किरमिजी निशाण आहे. ईएसपीएनचा एक कार्यक्रम दर शनिवारी सकाळी त्या आठवड्याच्या मोठ्या सामन्याच्या गावातून थेट दाखवतात. ऑक्टोबर २००३ मध्ये वॉशिंग्टन स्टेटचा एक माजी विद्यार्थी टेक्सासमधल्या ऑस्टिनला, सामना आपल्या विद्यापीठाचा नसतानाही, कॅमेऱ्यामागच्या गर्दीत आपल्या विद्यापीठाचा झेंडा घेऊन उभा राहिला. तेव्हापासून त्या कार्यक्रमात तो झेंडा एकही शनिवार चुकलेला नाही. दर आठवड्याला तो कुरियरने पुढच्या गावाला जातो. तिथे कुणीतरी माजी विद्यार्थी खोकं उघडतो, झेंडा काठीला बांधतो आणि पहाटे अंधारात परक्या गावच्या गर्दीत जाऊन काठी उंच धरून उभा राहतो.